तीन मोडके एक्सल

माणसे काय काय जमवतात! कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, कोणी नदीकाठचे गुळगुळीत गोटे. माझा संग्रह मात्र अगदी लहान आहे. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात सायकलच्या मागच्या चाकाचे तीन मोडके एक्सल, म्हणजे एकूण सहा तुकडे, मी जपून ठेवले आहेत. घर झाडायला काढले की आई तो डबा भंगारवाल्यासाठी दाराशी आणून ठेवते, आणि मी तो गुपचूप उचलून परत टेबलाच्या खणात ठेवतो. “काय सोनं हाय का त्यात?” असे ती विचारते. सोने नाही खरे. पण ते लोखंड मी का टाकत नाही, हे एकदा कोणाला तरी सांगावे असे फार दिवस मनात होते.

आमचे गाव यवतेश्वरच्या पुढे, कासच्या रस्त्यापासून थोडे आत आहे. साताऱ्याला यायचे म्हणजे घाट उतरायचा आणि घरी जायचे म्हणजे तोच घाट चढायचा. सकाळच्या पहिल्या तासाला वेळेवर पोचवील अशी एस.टी. आमच्या वाट्याला आलेली नाही. म्हणून २०२३ च्या एप्रिलमध्ये, माझी बारावीची परीक्षा झाल्यावर, अण्णांनी मला एक सायकल घेऊन दिली. जुनीच, पण गिअरची! पुढे तीन चकत्या, मागे सात. तीन साते एकवीस! गावात त्या दिवशी मी जो मिरवलो, तसा नवरदेवही मिरवला नसेल.

जून उजाडला आणि माझी स्वारी रोज घाट उतरू लागली. सकाळी कॅरिअरवर दुधाची दहा लिटरची किटली, आणि आठवड्यातून दोनदा परत येताना त्याच कॅरिअरवर पंधरा-वीस किलो पेंड. पाऊस, धुके, पाठीवर दप्तर आणि मागे ओझे. पण सगळ्यात हलका गिअर टाकला की मंद गतीने का होईना, सायकल चढ चढायची. मला त्या यंत्राचे मोठे कौतुक वाटे.

हे कौतुक जुलैअखेरपर्यंत टिकले. एका संध्याकाळी घाटाच्या दुसऱ्या वळणावर पायाखाली ‘कट्’ असा आवाज झाला आणि मागचे चाक तिरके होऊन ब्रेकला घासू लागले. ढकलत घरी गेलो, दुसऱ्या दिवशी ढकलत खाली आणली. दुकानातल्या मुलाने चाक काढले, आतून लोखंडी दांडीचे दोन तुकडे बाहेर ओढले आणि दात काढणाऱ्या डॉक्टरच्या निर्विकारपणाने तो म्हणाला, “एक्सल मोडलाय.” दीडशे रुपये एक्सलचे, पन्नास मजुरीचे. अर्ध्या तासात काम झाले.

सप्टेंबरात कासच्या पठारावर फुले आली आणि ती पाहायला येणाऱ्या गाड्यांची घाटात रांग लागली. त्या रांगेच्या साक्षीने माझा दुसरा एक्सल मोडला. पुन्हा दोनशे रुपये. “ओझं नेता, मग मोडणारच,” असा सल्ला या वेळी फुकट मिळाला.

एक्सल ही मोठी दुखणी झाली. बारीकसारीक दुखणी तर रोजचीच होती. गिअर म्हणून जागेवर पडत नसे. चौथ्याचा बदलून पाचवा टाकावा तर तो मधेच करकरत राही, आणि ऐन चढावर आपल्या मर्जीने भलत्याच चकतीवर उडी मारी. गिअरच्या तारेच्या टोकाशी, मागच्या डिरेलरजवळ, हाताने पिळायची एक छोटी नळी असते. ती पिळली की तार ताणली जाते किंवा सैल होते, एवढे मी ऐकून होतो. मग काय विचारता! सोमवारी मी ती उजवीकडे पिळी, मंगळवारी डावीकडे. एके दिवशी साखळी सर्वांत मोठ्या चकतीच्याही पलीकडे गेली आणि चकती व स्पोक यांच्या मधे जाऊन अडकली. त्यात तीन स्पोक गेले, चाकाला आऊट आला. पुन्हा दुकान, पुन्हा पैसे. मोडेल ते बदलायचे, बिघडेल ते पिळायचे, असा माझा आणि त्या सायकलचा संसार चालला होता.

तिसरा एक्सल मोडला तो दिवाळीनंतर, सत्र परीक्षेच्या दिवशी. उतारावर चाक डोलू लागले तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. सायकल एका टपरीवाल्याच्या हवाली करून उरलेला घाट मी धावत उतरलो. परीक्षेच्या हॉलमध्ये शिरलो तेव्हा वीस मिनिटे निघून गेली होती. पर्यवेक्षक सरांनी काही न बोलता उत्तरपत्रिका दिली, पण इतिहासाचा शेवटचा प्रश्न, जो मला मुखोद्गत होता, तोच लिहायचा राहिला.

त्या रात्री घरी मी जे बोललो ते आठवले की आजही मान खाली जाते. “सोस्तातली सायकल आणली की असंच व्हायचं,” असे मी अण्णांना म्हणालो. ज्या माणसाने दोन म्हशींच्या दुधावर माझी फी आणि सायकल, दोन्ही उभ्या केल्या, त्याला! अण्णा काही बोलले नाहीत. चुलीपुढे बसलेली माझी धाकटी बहीण एकदम उठून बाहेर गेली. ती का गेली, हे विचारायचे मला सुचलेदेखील नाही.

पुढच्या शनिवारी एका मित्राने मला राजवाड्यामागच्या एका बोळातल्या मिस्त्रींकडे नेले. लाकडी खोके, चष्म्याच्या एका काडीला दोरा आणि ग्रीसने काळी झालेली बोटे. मी सायकल पुढे केली आणि म्हणालो, “काका, एक्सल बदलून द्या. जरा चांगला टाका.”

त्यांनी सायकलकडे पाहिलेच नाही. “आदीचा मोडका कुठाय?” त्यांनी विचारले.

योगायोगाने तिन्ही एक्सलांचे तुकडे माझ्या पिशवीत होते. वेळ पडली तर आधीच्या दुकानदाराशी भांडताना पुरावा म्हणून मी ते ठेवले होते! मिस्त्रींनी सहाही तुकडे फळीवर ओळीने मांडले. तिन्ही एक्सल एकाच जागी मोडले होते: उजव्या बाजूला, फ्रीव्हीलच्या आत, कोनाच्या अगदी लगत. मग एक तुकडा त्यांनी उजेडात धरला. मोडल्या जागेचा मोठा भाग काळपट आणि गुळगुळीत होता. उरलेली कड मात्र साखरेसारखी रवाळ आणि चकचकीत.

“बग,” ते म्हणाले, “ही चकचकीत कड त्या दिवशी मोडली. काळी बाजू आदीच मोडलेली. पोरा, ह्यो एक्सल त्या दिवशी न्हाई मोडला. म्हैनाभर मोडतच हुता. तुला आवाज आला त्या दिवशी, एवढंच.”

मी नुसता बघत राहिलो. त्यांनी मग जमिनीवर खडूने चित्र काढून मला समजावले. साध्या सायकलच्या मागच्या चाकाला एकच चकती. त्यामुळे चाकाचे छर्रे फ्रेमच्या अगदी जवळ बसतात आणि एक्सलला आधार मिळतो. माझ्या सायकलच्या फ्रीव्हीलवर सात चकत्या. ते सगळे फ्रीव्हील छर्ऱ्यांच्या बाहेरच्या बाजूला बसते, म्हणून उजवीकडचे छर्रे फ्रेमपासून दोन बोटे आत सरकतात. तेवढा एक्सल निराधार लोंबतो आणि सगळा भार त्या लोंबत्या भागावर वाकण्याच्या रूपाने येतो. प्रत्येक खड्ड्याला तो केसभर वाकायचा आणि परत सरळ व्हायचा. या दोषावरचा उपाय फार पूर्वीच निघाला आहे, हे मला मागाहून कळले. शिमानो या जपानी कंपनीने १९७८ मध्ये नव्या घडणीचे हब बाजारात आणले. त्यात उजवीकडचे छर्रे चकत्यांच्या खालून बाहेर, फ्रेमच्या जवळ नेले आहेत. महागड्या सायकलींना आज अशीच हब असतात. स्वस्तातल्यांच्या नशिबी अजून जुनीच पद्धत.

“म्हणजे दोष या हबचाच ना?” मी उत्साहाने म्हणालो.

“असल्या हबाच्या सायकली गावात शंभर फिरत्यात. त्यांचा वर्सात तीनदा मोडतो का?” मिस्त्री म्हणाले. “थांब जरा.”

मग त्यांनी जे केले ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी चाक काढून बाजूला ठेवले. एक्सल ज्या दोन खाचांत बसतो, त्या दोन्ही खाचांत माझ्याच मोडक्या एक्सलांचे दोन तुकडे एकमेकांकडे तोंड करून नटांनी घट्ट आवळले. “फ्रेम सरळ असंल तर ही दोन टोकं समोरासमोर यायला पायजेत,” ते म्हणाले. टोके समोरासमोर आली नाहीत. डावा तुकडा नीट आडवा होता. उजव्याचे टोक चांगले अर्धे बोट खाली आणि मागे वळलेले होते. दोन माणसे एका खोलीत बसून वेगवेगळ्या भिंतींकडे पाहत असावीत, तसे ते दिसत होते. याचा अर्थ नवा एक्सल बसवून नट आवळले की, कोणी सायकलवर बसायच्या आधीच तो वाकत होता. त्यावर माझे वजन, पेंड आणि घाट!

डिरेलर ज्या कानासारख्या पट्टीला टांगलेला असतो, ती पट्टीही चाकाच्या बाजूला आत वळलेली होती. “आता तार कितीबी पिळ. कानच वाकडा, तर गिअर सरळ कसा पडंल?” मिस्त्री चष्मा पुसत म्हणाले. “ही सायकल उजव्या अंगावर आपटलीय. चांगली उंचावरनं. कवा पडलास?”

मी कधीच पडलो नव्हतो. म्हणजे ज्याने ही सायकल विकली, त्याने आम्हाला फसवले होते! मी अक्षरशः आनंदात घरी गेलो. जेवताना सगळा वृत्तांत सांगितला आणि शेवटी म्हणालो, “त्या माणसाला जाब विचारायला पाहिजे.” अण्णांचा हात ताटातच थांबला. “उद्या जातो त्याच्याकडं,” ते म्हणाले. “खोटं बोलून इकली असंल तर पैसं माघारी मागतो.”

“अण्णा, नगा जाऊ,” धाकटी म्हणाली. “त्यानं न्हाई पाडली. म्या पाडली.”

मग सगळे बाहेर आले. मे महिन्यात, भर दुपारी सगळे झोपलेले असताना, ती घरामागच्या वाटेवर सायकल शिकत होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तोल गेला आणि ती सायकलसकट बांधावरून खाली कातळावर आदळली. सायकल उजव्या अंगावर पडली. तिने ती पुसली, वाकलेला डिरेलर अण्णांच्या पक्कडीने दिसायला सरळ केला आणि होती तिथे आणून ठेवली. तिचे कोपर फुटले होते. ते मी पाहिले होते! “जांभळीवरून पडले,” असे तिने सांगितले आणि मी “बरं” म्हटले होते.

“पण शिकायचं होतं तर मला सांगायचं ना!” मी म्हणालो.

“तुझ्या मोबाईलची काच फुटली तवा तू पंधरा दिस बोलला न्हवतास माझ्याशी,” ती म्हणाली. “आणि शिकले न्हाई तर अकरावीला मला खाली कोण सोडणार हाय? अण्णा मागंच म्हणलेत, यस्टीची सोय न्हाई तर धावीनंतर बघू.”

अण्णांनी ताटाकडे पाहिले. मी माझ्या ताटाकडे पाहिले. माझ्या पिशवीतल्या त्या काळपट तुकड्याची मला आठवण झाली. ती मे महिन्यापासून रोज मी एक्सल बदललेला पाहत होती, दुकानदारांना आणि अण्णांना दूषणे देताना ऐकत होती, आणि गप्प राहत होती. आवाज झाला तो आज. आणि तोही कशासाठी? एका परक्या, निरपराध माणसाला आपल्यामुळे बोल लागू नये म्हणून!

पुढच्या रविवारी आम्ही दोघेही मिस्त्रींकडे गेलो. मी काही सांगायच्या आत तीच म्हणाली, “काका, सायकल माझ्याकडनं पडली हुती.” मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिले आणि तिच्या हातात पाना दिला. “मग धर हिकडनं.”

फ्रेम लोखंडी होती म्हणून निभावले. ॲल्युमिनिअमची असती तर हात लावला नसता, असे ते म्हणाले, कारण ते वाकवून सरळ करताना तडकते. खाचेत एक लांब दांडा अडकवून, थोडे वाकवायचे, थांबायचे, एक्सलचे तुकडे पुन्हा समोरासमोर धरून पाहायचे, असे तासभर चालले. शेवटी दोन्ही टोके एकमेकांकडे नीट पाहू लागली. मग कानाची पट्टी सरळ केली. त्यानंतरच त्यांनी गिअरला हात घातला. “आदी हाड, मग शीर,” हे त्यांचे सूत्र.

ती शिकवणी आम्ही दोघांनी घेतली, आणि ज्यांच्याकडे गिअरची सायकल आहे त्यांच्यासाठी ती येथे देऊन ठेवतो. प्रथम चाक खाचेत सरळ बसवावे. मग साखळी मोजावी: तिची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे चोवीस कड्यांची लांबी बरोबर बारा इंच भरली पाहिजे. इंचाचा सोळावा भाग जास्त भरली तर साखळी बदलायची वेळ झाली. आठवा भाग जास्त भरली तर तिने बहुधा चकत्यांचे दातही खाल्लेले असतात. डिरेलरवर दोन बारीक स्क्रू असतात, एकावर एच आणि दुसऱ्यावर एल लिहिलेले. ते गिअर बदलण्यासाठी नाहीत, मर्यादा घालण्यासाठी आहेत. एचने डिरेलरची वरची चक्री सर्वांत लहान चकतीच्या बरोबर खाली थांबवायची. एलने ती सर्वांत मोठ्या चकतीच्या खाली थांबवायची, म्हणजे साखळी स्पोकांत पडत नाही. मग साखळी लहान चकतीवर ठेवून तारेतला ढिलेपणा काढायचा आणि तार आवळायची. आणि अगदी शेवटी ती पिळायची नळी, तीही एका वेळी पाव फेरा. साखळी मोठ्या चकतीवर चढायला कुरकुर करीत असेल तर तार थोडी ताणायची. लहान चकतीवर उतरायला वेळ लावत असेल तर थोडी सैल करायची. मी ज्या गोष्टीपासून रोज सुरुवात करीत होतो, ती सगळ्यात शेवटची होती!

आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी धाकटीला सांगितली. गिअर चढावर अडकल्यावर बदलू नये. चढ दिसला की आधीच बदलावा, आणि बदलताना पायाचा जोर क्षणभर कमी करावा. “जोरात असताना कुनाकडनं काय बदलून घ्याया जाऊ नगं,” ते हसून म्हणाले. ते तिला म्हणाले खरे, पण ऐकले मी.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात या ‘मोडत राहण्या’विषयी मी शोध घेतला. धातूच्या या दुखण्याला थकवा असेच म्हणतात. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा एक्सल मोडला, डबे एकमेकांवर चढले आणि पेटले. डब्यांना बाहेरून कुलपे होती. त्यात द्युमाँ द’उर्व्हील हा फ्रेंच दर्यावर्दी पत्नी आणि मुलासह गेला. आपल्या कलेच्या पुस्तकांत हात तुटलेल्या व्हीनसचे चित्र असते ना, तो पुतळा १८२० मध्ये मेलोस बेटावर सापडला तेव्हा त्याचे मोल ओळखणाऱ्यांत तो होता. या अपघातानंतर रेल्वेच्या एक्सलांचा कसून अभ्यास सुरू झाला. वोलर नावाच्या जर्मन अभियंत्याने पुढे अनेक वर्षे प्रयोग करून दाखवून दिले की, एकदाच्या मोठ्या भाराला न मोडणारे लोखंड लहान भार पुन्हा पुन्हा पडल्याने मोडते. वाचता वाचता मी थांबलो. आमच्या मिस्त्रींनी हे खडूने जमिनीवर लिहून दाखवले होते.

त्या रविवारनंतर आजपर्यंत एकही एक्सल मोडलेला नाही. पेंड आता सायकलवरून येत नाही, दूध टेम्पोने जाते, आणि त्याच टेम्पोत दुधाच्या कॅनच्या शेजारी बसून मीही कॉलेजला येतो. सायकल धाकटीकडे आहे. २०२४ च्या जूनपासून ती अकरावीला जाऊ लागली. अण्णांनी स्वतः तिच्या हँडलला घंटी बसवून दिली.

काल संध्याकाळी ती घाट चढून घरी आली, सायकल भिंतीला टेकवली आणि दप्तर ठेवायच्या आधीच म्हणाली, “दादा, तिसऱ्या चकतीवर जरा वाजतंय. बगतोस का?”

मी पुस्तक बाजूला ठेवले आणि बाहेर आलो. चाक उचलून तिने पायडल फिरवले आणि आम्ही दोघे कान देऊन ऐकू लागलो. आवाज अगदी बारीक होता.